कमीत कमी वापराची खोली

फ्रेंच साहित्याचा विभाग बंद करून त्या खोलीत पाळणाघर काढणार, अशी नोटीस लागली तेव्हा फ्रेंचच्या बाई कॉलेजात नव्हत्याच. नगरपालिकेसमोर घोषणा देत होत्या. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी धरणं धरलं नाही असं एकही ऑफिस शहरात उरलं नव्हतं. बातमी कळताच त्या बसलेला घसा घेऊन तशाच प्राचार्यांच्या खोलीत घुसल्या.

प्राचार्यांनी आधी पाणी दिलं, मग एक अर्ज पुढे सरकवला. सफाईकामगार बायकांच्या मुलांसाठी कमीत कमी वापराची खोली मिळावी, अशी मागणी. मजकूर बाईंचा. पहिली सहीही बाईंचीच, चांगली ठसठशीत.

"मागणी मान्य केली, बाई. आता तक्रार काय?"

"पण आमचीच खोली कमी वापराची कशी?"

प्राचार्यांनी किल्ल्यांची वही मागवली. वर्षभरात फ्रेंचची खोली कामाच्या दिवसांपैकी ब्याण्णव दिवस उघडलीच नव्हती. बाईंनी तारखांवरून बोट फिरवलं. हा पाणीटंचाईचा मोर्चा, हा बसभाड्याचा, हा झाडं वाचवण्याचा. दर वर्षी वर्गात शिकवायची कादंबरी चाळिसाव्या पानावर अडकायची आणि पुढचं 'घरी वाचा' म्हणून सुटायचं. साठ जणांचा वर्ग गळत गळत दोन मुलींवर आला, तो काळाचा दोष, असं त्या सगळ्यांना सांगत आल्या होत्या. आता मात्र त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सहकारी मदतीला धावले. एरवी ही मंडळी स्टाफरूममधून हलायची नाहीत. पण बाईंनी प्रत्येकासाठी कधी ना कधी आवाज उठवला होता. 'विभाग वाचवा' मोर्चा ठरला, मंगळवारी अकराला.

"तुम्ही पुढे राहायचं हं," इतिहासाचे सर म्हणाले.

"मला जमायचं नाही. अकराला माझा तास आहे."



मंगळवारी पावणेअकरालाच बाईंनी खोली उघडली, फळा पुसला, एक्केचाळिसावं पान काढलं. पाळणाघर तर व्हायलाच हवं होतं; पण त्याआधी दोघींना एक पुस्तक तरी शेवटापर्यंत शिकवावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. सव्वाअकरा झाले तरी कुणी फिरकलं नाही. खालून घोषणा ऐकू आल्या तशा त्या खिडकीशी गेल्या.

मोर्च्याच्या सगळ्यात पुढे, मुठी उंचावून, त्यांच्या दोन्ही विद्यार्थिनी चालल्या होत्या. घोषणा देण्याची ढब, हात झटकण्याची लकब, सगळं हुबेहूब बाईंचं. तीन वर्षांत पोरी एवढं एक मात्र चोख शिकल्या होत्या.

आयुष्यात पहिल्यांदाच, मोर्चा लवकर पांगावा असं बाईंना वाटलं.