फ्रिजच्या दारातली बाटली

धरमपेठेतल्या चंपतरावांच्या फ्रिजच्या दारात, सॉसच्या पुड्यांमागे, डोळ्यांत टाकायच्या थेंबांची एक बाटली होती. पत्नी प्रेमिलाताईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ती उरली होती. उरलेलं औषध फेकायचं नाही, हा आपला सगळ्यांचा अलिखित कायदा चंपतराव कसोशीनं पाळत. शिवाय ते सोसायटीचे सचिव होते, त्यामुळे कायदा पाळणं त्यांना भागच होतं.

पावसाळ्यात डोळे येण्याची साथ आली आणि चंपतरावांचा डोळा लाल झाला. त्यांनी दोन थेंब टाकले. संध्याकाळपर्यंत लाली ओसरली.

"पाहिलं? लोकं उगाच दवाखान्यात रांगा लावून राहिले!"

"ते माह्या ऑपरेशनचं औषध हाये," प्रेमिलाताई म्हणाल्या. "तुमचं ऑपरेशन झालं काय?"

"डोळा तो डोळाच ना वं!"

सचिवाला ज्ञान स्वतःपुरतं ठेवता येत नाही. बाटली मजल्यामजल्यावर फिरली आणि डोळ्याडोळ्याला तिचं टोक टेकलं. आठवडाभरात ज्यांचे डोळे आले नव्हते त्यांचेही आले. त्यावरून औषधाची गरज किती निकडीची होती हे सिद्ध झालं. मासिक सभेनं चंपतरावांच्या अध्यक्षतेखाली एकमतानं नेत्रथेंब उपसमिती नेमली.

साथ गेली, समिती राहिली. चंपतरावांचे थेंबही राहिले. थांबवले की डोळे चुरचुरत, टाकले की गार वाटे. बाटली संपली की ते रिकामं खोकं औषधाच्या दुकानात दाखवत आणि दुकानदार कर्तव्यतत्परतेनं नवी बाटली काढून देई. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं.

मग दाराची चौकट खांद्याला लागू लागली. बाजूनं येणाऱ्या स्कूटर एकदम पुढ्यात उगवू लागल्या. चंपतरावांनी या प्रकाराची गंभीर दखल घेतली आणि फलकावर सूचना लावली: 'सचिवांकडे येणाऱ्या सभासदांनी समोरूनच यावे. बाजूने येणे अपरिहार्य असल्यास आगाऊ आवाज द्यावा.' सभासदांनी ती निमूट पाळली. जिन्यानं मात्र पाळली नाही. एक पायरी चुकली, चंपतराव गडगडले, आणि प्रेमिलाताई त्यांना हाताला धरून डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या.

डॉक्टर कामिनींनी डोळ्यांचा दाब मोजला. मग बाहुल्या मोठ्या करणारे थेंब टाकून आत बराच वेळ पाहिलं.

"काका, डोळ्यांत कोणतं औषध टाकता?"

"औषध काहीच नाही जी. घरचेच थेंब हायेत, साधे."

प्रेमिलाताईंनी पर्समधून बाटली काढून टेबलावर ठेवली.

"हे स्टेरॉइड आहे," डॉक्टर म्हणाल्या. "यानं दाब वाढला, नस सुकली. बाजूचं जे दिसेनासं झालंय, ते परत येणार नाही. उरलेलं वाचवायचं तर दाब कमी करणारे थेंब रोज, जन्मभर टाका. आणि ही बाटली आजच फेका."

चंपतराव घाबरले. अगदी मनापासून घाबरले. ऑटोत बसल्यावर त्या मोठ्या झालेल्या बाहुल्यांना अख्खं नागपूर पांढरंफट्ट दिसत होतं. त्यांनी बाजूला हात चाचपला.

"तू हायेस ना वं इकडं?"

"हावो," प्रेमिलाताईंनी तो हात धरून ठेवला.

घरी आल्याबरोबर चंपतरावांनी बाटली कचऱ्याच्या डब्यावर धरली. तेवढ्यात शेजारच्या यमुताई सूचनेबरहुकूम समोरून आल्या.

"भाऊ, फेकून काहून राहिले? अर्धी भरली हाये ना!"

चंपतरावांनी बाटली उजेडात धरली. दिसलं काहीच नाही, पण हलवल्यावर आत खुळखुळलं. खरंच, अर्धी होती. प्रेमिलाताई पाणी आणायला आत वळल्या आणि बाटली सॉसच्या पुड्यांमागे परत गेली.

"मले तर नाही चालत आता," ते हळूच म्हणाले. "पण असू द्या. कोणाले लागली तर."

हसलात? मग उठा आणि आपल्या फ्रिजचं दार उघडा. तिथं मागे कुठंतरी ती आहेच. काढा बाहेर, डबा समोरच आहे, फेकून द्या.

पण मग हलवून कशाला पाहताय?