उपचार सुरू होण्याआधी

मास्तरांनी बाथरूमची कडी लावायचे सोडून दिले होते. आपण आत पडलो तर दार तोडायला माणसे कुठून आणायची, ही त्यांची चिंता. त्यामुळे ते आत गेले की बायको दाराबाहेर खुर्ची टाकून बसायची आणि भाजी निवडता निवडता अधूनमधून विचारायची, “आहात ना?”

“आहे!” आतून आवाज यायचा. पण तो अशा सुरात, की पुढच्या वेळी येईलच याची खात्री धरू नये.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते गाडी चालवायला शिकवायचे. नवशिक्यांच्या शेजारी बसून, खांब आणि भिंती अंगावर येत असताना “घाबरायचं नाही, पुढं बघायचं” असे सांगण्यात त्यांची सगळी हयात गेली होती. मग एके दिवशी चहाचा कप उचलताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला. ते डावा पाय जरा ओढत चालायला लागले, डावा हात खांद्याच्या वर जाईना, जीभ थोडी जड झाली. डॉक्टर म्हणाले, “नशीबवान आहात, थोडक्यात वाचलात.” डॉक्टरांनी ते धीर द्यायला सांगितले होते, पण मास्तरांच्या डोक्यात ‘थोडक्यात’ एवढेच शिल्लक राहिले. थोडक्यात म्हणजे किती? तेव्हापासून ते रोज सकाळी आरशासमोर उभे राहून तोंड वाकडे तर होत नाही ना, हे पाहायला हसून बघत. घरात हसण्याचा तेवढाच प्रसंग उरला होता.

शेवटी परगावच्या मुलीने हालचाल केली. “बाबा, एक संशोधन चाललंय. झटक्यानंतर ज्यांना अशी धास्ती बसते त्यांच्यावर घरबसल्या उपचार, सगळं फोनवरून. मी तुमचं नाव दिलंय.”

संशोधन केंद्राकडून एका गृहस्थांचा फोन आला. त्यांनी या अभ्यासाची सगळी माहिती नीट, सावकाश वाचून दाखवली आणि काही शंका आहे का, असेही विचारले. पण ते वाचत होते तेव्हा मास्तर स्वतःची नाडी मोजत होते, आणि फोन कानाला लावलेली बायको स्वयंपाकघरात उतू जाणाऱ्या दुधाकडे धावली होती. दोघांनीही “कळलं, कळलं” म्हणून होकार दिला. पुढचे सगळे रामायण त्या होकारातून घडले.

त्यानंतरच्या मंगळवारी फोन वाजला. आवाज केंद्रातल्या एका बाईंचा होता, जरासा सर्दी झाल्यासारखा.

“गेल्या आठवड्यात काहीतरी भयंकर घडणार असं वाटलं का? कधीच नाही, कधीकधी की नेहमी?”

“बाई, घडून गेलंय.”

“म्हणजे कधीकधी?”

“नेहमी.”

“एकट्यानं घराबाहेर पडणं टाळलंत?”

“बाहेर पडणं कसलं, मी दाराकडे बघणंसुद्धा टाळतो.”

“नेहमी,” बाई म्हणाल्या. “झोपेत हृदय बंद पडेल अशी भीती वाटली?”

ही भीती मास्तरांच्या यादीत नव्हती. “असंही होतं का?”

“ते मला सांगता येत नाही. माझ्याकडे फक्त प्रश्न आहेत.”

त्या रात्री मास्तर टक्क जागे राहिले, कारण झोपलेच नाही तर झोपेत काही होण्याचा प्रश्न येत नाही. त्यांना सोबत म्हणून बायकोही जागी राहिली. सकाळी ती तांबारलेल्या डोळ्यांनी म्हणाली, “हे कसले उपचार? होती ती भीती गेली नाही, वर आणखी एक पदरात पडली!”

“तुला नाही कळायचं,” मास्तर म्हणाले. “आधी सगळं वर काढतात, मग घालवतात. आणि बाई हुशार आहेत. स्वतः काही सांगत नाहीत. मीसुद्धा शिकवताना हेच करायचो. ‘ब्रेक दाब’ म्हणायचं नाही. विचारायचं, समोर काय दिसतंय? त्यानं आपणहून दाबला पाहिजे.”

झाले! मास्तर प्रत्येक प्रश्नातून आपल्याला काय करायला सांगितले आहे ते शोधू लागले. एकट्याने बाहेर पडणे टाळले का, असे बाई दर मंगळवारी विचारतात. म्हणजे टाळायचे नाही, असाच त्यांचा सांगावा. आपण दर वेळी ‘नेहमी’ म्हणतो आणि त्या नुसत्याच “बरं” म्हणतात, ते ‘बरं’ मास्तरांच्या जिव्हारी लागायला लागले. एका सकाळी त्यांनी काठी घेतली, बायकोला “येऊ नकोस” म्हणून बजावले आणि कठडा धरत जिना उतरून रस्त्यावर गेले. गेले ते थेट कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये, कारण बसायला जवळात जवळची खुर्ची तिथेच होती.

खुर्चीत बसले आणि धास्तीने त्यांची जीभ टाळूला चिकटली. सलूनवाल्याने विचारले, “दाढी?” मास्तरांनी मान हलवली. “मिशीचं काय करू?” मिशीला हात लावू नकोस, असे मास्तरांना सांगायचे होते. तोंडातून निघाले, “मि... मि...”

“कळलं, मिशी पण,” सलूनवाला म्हणाला, आणि हाताला चपळ असल्याने त्याने लगेच ते तडीसही नेले.

बायकोने दार उघडले. नवऱ्याचा वरचा ओठ तिने उभ्या संसारात कधी पाहिला नव्हता. तो असा उघडा, फिकट आणि थरथरताना पाहून तिने किंकाळी फोडली. “अहो, तुमचं तोंड!”

“क... काय झालं तोंडाला?”

“हसून दाखवा! आधी हसून दाखवा!”

मास्तर हसले. त्या घाबऱ्याघुबऱ्या हसण्यात एक गाल वर गेला आणि दुसरा जागच्या जागी राहिला.

“हात वर करा!” उजवा वर गेला, डावा नेहमीसारखा खांद्यापर्यंत येऊन थांबला. पण नेहमीसारखा म्हणजे कसा, हे त्या क्षणी दोघांनाही आठवेना.

“बोला, काहीतरी बोला!”

“मि... मि...” मास्तर म्हणाले.

रुग्णवाहिका आली. शेजारीपाजारी जिन्यात जमले. मास्तरांना खुर्चीत बांधून खाली नेताना एकाने हात जोडले आणि मास्तरांनीही त्याला शेवटचा म्हणून नमस्कार केला. इस्पितळात तपासण्या झाल्या, डोक्याचे फोटो निघाले. तरुण डॉक्टरीणबाईंनी ते जुन्या फोटोंशी ताडून पाहिले आणि मग मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहिले. “नवीन काहीच नाहीये. यांनी मिशी काढलीय का?”

बायको मटकन बाकावर बसली. “मला वाटलं, गेले,” ती म्हणाली आणि पदरात तोंड खुपसून रडायला लागली. परत येताना संपूर्ण रस्ताभर ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. मास्तरांना वाटले, खरोखर गेलो असतो तर ही निदान चार चांगले शब्द तरी बोलली असती.

मंगळवारी फोन आला.

“गेल्या आठवड्यात अचानक इस्पितळात जावं लागलं का?”

“हो.”

“कारण?”

“मिशी.”

पलीकडे कागदांची चाळवाचाळव झाली. “माझ्याकडे पर्याय आहेत. पडणं, छातीत दुखणं, पुन्हा झटका किंवा इतर.”

“इतर,” मास्तर म्हणाले. बाई खोकल्या की हसल्या ते त्यांना नीट कळले नाही.

पण त्या मिशीनंतर काहीतरी सैल झाले. ज्याची एवढी भीती होती ते सगळे होऊन गेले होते. रुग्णवाहिका, शेजाऱ्यांचे पडलेले चेहरे, शेवटचा नमस्कार सगळे झाले, आणि आपण संध्याकाळी घरी येऊन आमटीभात जेवलो. शिवाय आता भीतीपेक्षा लाज मोठी झाली होती. मास्तर फाटकापर्यंत जाऊ लागले, मग दूध आणायला, मग बाजारापर्यंत. कडीसुद्धा लावू लागले. बायकोला रिकामी खुर्ची कुठे ठेवावी ते कळेना. मुलगी फोनवर म्हणाली, “बघा, उपचारांचा गुण आला!” मास्तर म्हणाले, “बाईंच्या हाताला यश आहे.”

पुढे एका मंगळवारी मास्तर पिशवी घेऊन एकटेच खाली निघाले होते. अर्ध्या जिन्यात खिशातला फोन वाजला. ते तिथेच थांबून उत्तरे देऊ लागले. कधीच नाही, कधीच नाही, कधीकधी, कधीच नाही. सगळे प्रश्न संपल्यावर बाई म्हणाल्या, “धन्यवाद. हा माझा शेवटचा फोन. पुढच्या आठवड्यापासून तुमचे उपचार सुरू होतील.”

“पुढच्या... म्हणजे? मग हे काय होतं?”

“तुम्ही तुलनेच्या गटात होता. एका गटाला उपचार आधी आणि दुसऱ्याला नंतर. मधल्या काळात आम्ही फक्त विचारतो. हे तुम्हाला सुरुवातीला वाचून दाखवलं होतं.”

मास्तरांनी खाली पाहिले. पायऱ्या एकदम खोल दिसायला लागल्या. वर पाहिले, तर घर फार उंचावर होते. आपण इतके दिवस कोणत्याही उपचाराविना या जिन्यावरून चढत-उतरत होतो! कठडा घट्ट धरून ते पायरीवर बसले ते बसलेच.

बऱ्याच वेळाने बायको शोधत खाली आली. “इथं काय बसलात? दुखतंय का कुठं?”

“मला उपचार दिलेच नव्हते गं,” मास्तरांचा आवाज फाटला. “नुसतं विचारत होते.”

तिने सगळे ऐकून घेतले. मग त्यांच्या शेजारी बसत म्हणाली, “मग इतके दिवस खाली कोण जात होतं?”

“ठाऊक नाही. मला एकट्याला तर जमणार नाही.”

तिने खांदा दिला आणि दोघे एकेक पायरी चढत घरी आले. त्या रात्री बाथरूमबाहेर पुन्हा खुर्ची मांडली गेली.

आठवड्याने खऱ्या उपचारांचा फोन आला. समुपदेशकांचा आवाज मऊ होता आणि त्यांच्यापाशी नुसते प्रश्न नव्हते, उत्तरेही होती. मास्तरांनी त्यांना पायरीवर बसल्यापासूनची हकीकत सांगितली. आधीची सांगण्यात त्यांना काही अर्थ वाटला नाही. समुपदेशक म्हणाले, “अजिबात घाई करायची नाही. या आठवड्यात फक्त दार उघडायचं आणि उंबऱ्यावर उभं राहायचं. बाहेर पाऊल टाकायचं नाही. जमेल?”

“जमवतो,” मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने पाहिले तर मास्तर दार सताड उघडून उंबऱ्यावर ताठ उभे. पाय शांत होते, श्वास शांत होता. तिचा चेहरा उजळला. तिने चटकन पिशवी आणून त्यांच्या हातात दिली. “जाताय ना? दूध संपलंय बघा.”

मास्तरांनी जिन्याकडे एकवार पाहिले. मग पिशवी तिला परत दिली.

“तूच जा,” ते म्हणाले. “माझे उपचार सुरू झालेत.”