छर्र्याचा वेग आणि दारातला पांढरा मांडव

वस्तू निवडावी तर मीच! फुशारकी नाही, अनुभव सांगून राहिलो. अकोल्यातल्या एका सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं खरेदी शाखेत काढली. पंखे, कपाटं, टाचण्या, सारं तुलनात्मक तक्ता करूनच घेतलं. एप्रिलमध्ये रिटायर झालो, पण तक्ता काही सुटला नाही. घरचा कुकरही मी तक्ता करूनच आणला. माझी बायको माधवी म्हणते, "मले पाहाले आले तवा बी खिशात तक्ता होता का, कोण जाणे."

माझी पोरगी प्रणाली दहा मीटर एअर रायफल मारते. अमरावतीची निवड चाचणी तीन आठवड्यांवर आली होती आणि मे महिन्यापासून तिचा स्कोअर घसरून राहिला होता. साठ छर्र्यांत सहाशे वीस मारणारी पोरगी सहाशे दोनवर आली. धड जेवेना, धड बोलेना. एक दिवस रायफल पुसता पुसता म्हणाली, "बाबा, हिच्यात दोष असंल तर ठीक. नसंल तर दोष माह्यात आहे. मंग मी हे सोडून देतो."

सहा वर्षांची मेहनत, आणि पोरगी सोडायच्या गोष्टी करून राहिली!

तिच्या कोच हीना मॅडम मोजकं बोलतात. त्यांनी उपाय सांगितला. छर्र्याचा वेग मोजायचं एक लहानसं मशीन येते, क्रोनोग्राफ म्हणतात. दहा छर्रे मारायचे. वेग सारखा आला तर रायफल चांगली, खालीवर झाला तर रायफलचा दोष. रायफलच्या नळीले लागणारं घ्या, त्यात स्वतःचा उजेड असतो, असंही त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मॅडम, निवडायचं माझ्यावर सोडा.

रात्रंदिवस एक करून तक्ता केला. तीन मशीनं, आठ रकाने. वजन, सेल, वॉरंटी, आकड्यांची उंची, घडी होते का, डब्याच्या पिशवीत मावते का. सगळ्यात जास्त गुण पडले ते पुस्तकासारखी घडी होणाऱ्या मशीनले. त्याले दोन डोळे, छर्रा वरून गेला की वेग सांगते. उजेडाचा रकाना माझ्या तक्त्यात नव्हताच.

पार्सल आलं तसं रेंजवर नेलं. पहिला छर्रा, चारशे बारा. दुसरा, काहीच नाही. तिसरा, नऊ! सेकंदाले नऊ मीटर म्हणजे लुनावर बसून मी त्या छर्र्याच्या बाजूनं गप्पा मारत गेलो असतो. रायफल बिघडली, रायफल बिघडली, असं मी साऱ्या रेंजवर सांगत सुटलो. महिनाभरात पहिल्यांदा पोरगी हसली.

हीना मॅडमनं वर पाहिलं. "अंकल, ये छर्रा नहीं गिन रहा. ट्यूबलाइट गिन रहा है."

मशीनचे डोळे म्हणे छर्र्याची सावली पाहतात, आणि ट्यूबलाइट लुकलुकली की फसतात. त्याले दिवसाचा उजेड पायजे, पण थेट ऊन नको. ढगाखाली असतो तसा. जूनच्या पहिल्या आठवड्यात अकोल्यात ढग कुठून आणू? मॅडम म्हणाल्या, वर पांढरं कापड ताणा. पोरीचं हसू तिथंच मावळलं. मले इतकी लाज वाटली की चहासुद्धा कडू लागला.

रेंज तिसऱ्या मजल्यावर, बंद हॉलात, म्हणून आमच्या अंगणात करायचं ठरलं. समोर बिनखिडकीची भिंत, तिच्यापुढं सरकीची पोती, पोत्यावर टार्गेटचा कागद. मी बिछायतवाल्या श्रावणले फोन लावला. उद्या सकाळी दारात पांढरा मांडव टाक म्हटलं. झालर नको, लाउडस्पीकर नको, बोभाटा नको. त्यानं हळूच विचारलं, "किती वाजता, काका?" मी म्हटलं, आठला, ऊन चढायच्या आत आटपून टाकू. त्यानं पुढं एक शब्द विचारला नाही. काय समजदार माणूस, असं वाटलं मले.

आता आम्हा बौद्धांच्या घरी लग्नाचा मांडवही पांढरा, अन् माणूस गेला तरी पांढरंच. श्रावणच्या तोंडून खबर रातोरात नातेवाइकांत पोचली, अन् ज्यानं त्यानं आपापला अर्थ काढला. सकाळी साडेसातले बार्शीटाकळीहून माझी आत्या इंदूबाई ऑटोतून माझं नाव घेऊन रडतच उतरली. दार मीच उघडलं. मले जित्ता पाहून ती अजून जोरानं रडली. तिच्यामागं पंधरा-वीस माणसं खाली माना घालून उभी. तेवढ्यात माझा साळा वामनराव बडनेऱ्याहून साडी, भिंतीवरचं घड्याळ अन् टेम्पोभर माणसं घेऊन आला. भाचीचं लग्न चोरून उरकून राहिले म्हणून फुगला होता. मयतवाले अन् लग्नवाले अंगणात एकमेकांवर भडकले. मी मधात सापडलो. मेलो असतो तर बरं झालं असतं, निदान इतक्या लोकांची सोय तर झाली असती.

आठच्या ठोक्याले हीना मॅडम आल्या. सगळ्यांले मागं सरकवलं, मशीन लावलं अन् मले म्हणाल्या, "अंकल, आप अंदर जाइए. सबके लिए चाय बनाइए."

चाळीस माणसांचा चहा! मी पातेल्यापाशी उभा, माधवी साखर घालून राहिली, आणि खिडकीतून मॅडमचा आवाज. एकशे बहात्तर. एकशे एकाहत्तर. एकशे बहात्तर. दहाही छर्रे तसेच. बाहेर वामनरावनं टाळ्या वाजवल्या. मी मात्र चहात दुसऱ्यांदा पत्ती टाकली. रायफल ठणठणीत होती. म्हणजे दोष पोरीचा, अन् तो सिद्ध करणारं मशीन मीच निवडून आणलं होतं.

चहाचा ट्रे घेऊन बाहेर आलो. प्रणाली सोडायचं म्हणंल अन् मी काय बोलू, हेच डोक्यात. हीना मॅडम हातातल्या टार्गेटकडं पाहून राहिल्या होत्या. दहा छर्र्यांत एकशे चार पूर्णांक सहा! मे महिन्यापासून इतका स्कोअर नव्हता. तोही मागं चाळीस माणसं भांडत असताना.

मॅडमनं पोरीले विचारलं, "मे में क्या बदला, प्रणाली?"

पोरीनं रायफल खाली ठेवली. मंग म्हणाली, "बाबा रिटायर झाले."

मयतवाले अन् लग्नवाले, सारेच माझ्याकडं वळले. ती हळूच पुढं सांगू लागली, की मी रोज तिच्या मागं खुर्ची टाकून बसतो, अन् प्रत्येक छर्र्यानंतर मोठ्यानं श्वास सोडतो. इंदूबाई आत्यानं माझ्या हातून ट्रे घेतला अन् डोळे पुसले. या खेपेले खरंच माझ्यासाठी.

निवड चाचणीले मी पोरीसोबत निघालो. तिनं मले अमरावतीच्या अलीकडं बडनेऱ्यालेच उतरवलं, वामनरावच्या घरी. त्या दिवशी पोरीनं सहाशे बावीस मारले, हे मले फोनवर कळलं. फोन वामनरावले आला होता.