पॉइंट चारचा चोर

समजा, तुम्ही एक म्हातारी निळी गाडी आहात. दारं बंद, किल्ली खुंटीला, आणि तरीही कुणीतरी गुपचूप तुमची ताकद पितंय. चार दिवसांनी किल्ली फिरवली की तुमच्या घशातून नुसतं ‘टक्’ निघतं. आजोबांच्या गाडीचं अगदी असंच झालं होतं.

आजोबांनी जन्मभर लोकांच्या गाड्यांचं वायरिंग केलं होतं. स्वतःच्या गाडीची मात्र त्यांनी बॅटरी बदलली, अल्टरनेटर बदलला, टेपरेकॉर्डर उपटून काढला. गाडी काही बधेना. शेवटी आजीने जाहीर केलं, "पाचला भंगारवाला येतोय. तोवर दुखणं सापडलं तर गाडी तुमची, नाहीतर त्याची."

"अगं, हिच्यातूनच आपण लेकीला दवाखान्यातून घरी आणलं!"

"आणि ती लेक आता पस्तिशीची झाली."

आजोबांनी सात वर्षांच्या नातीला हाक मारली. ती त्यांची पट्टशिष्या. त्यांनी रात्रभर चार्ज केलेल्या बॅटरीची काळी वायर सोडवली आणि मधे मल्टिमीटर जोडला. "आता गाडीत जाणारी वीज आधी याच्यातून जाणार. आकडा वाच."

"शून्य पॉइंट चार."

"झोपलेल्या गाडीला एवढी भूक? मी एकेक फ्यूज काढतो. जो काढल्यावर आकडा पडेल, त्याच्या वाटेवर चोर! दार मात्र उघडायचं नाही. उघडलं की दिवा लागतो, आकडा खोटा येतो."

म्हणून आजोबा खिडकीतून आत शिरले. कमरेपर्यंत शिरले आणि अडकले. पाय बाहेर, आवाज आत.

"हॉर्नचा काढला. किती?"

"तेवढाच!"

"वायपरचा?"

"तेवढाच! आजोबा, आजी आलीये."

"सांग तिला, मी कामात आहे."

"दिसतंय," आजी म्हणाली. "निम्मे तरी दिसताय. पावणेपाच झाले. भंगारवाला तुमच्यासकट नेईल." आणि ती घरात गेली.

"आतल्या दिव्यांचा काढला! किती?"

नात मीटरवर वाकली. मीटरवर शून्य पॉइंट शून्य दोन होतं.

"पडला आकडा," ती पुटपुटली. तिचा चेहराही पडला होता. "आजोबा, समोरचा कप्पा बघा ना."

कप्प्याच्या झाकणात पेन्सिलीचा तुकडा अडकवलेला होता. फटीतून एक कापडी कासव बाहेर डोकावत होतं.

"तुम्ही एकटेच गाडीतून फिरता ना, म्हणून सोबतीला ठेवलं. पण त्याला अंधाराची भीती वाटते. तुम्हीच सांगितलं होतं, झाकण लागलं की बटण दाबलं जातं नि दिवा विझतो. मग मी लागूच दिलं नाही."

आजोबा असे गदगदून हसले, की त्या हिसक्याने सुटून धपकन बाहेर पडले.

पेन्सिल निघाली, फ्यूज परत बसले, आकडा शून्य पॉइंट शून्य दोनवरच राहिला. वायर जोडून किल्ली फिरवताच गाडी गुरगुरली. आजी धावत आली.

"काय बिघडलं होतं?"

आजोबांनी नातीकडे पाहिलं. ती स्वतःच्या चपलांकडे बघत होती.

"माझ्या शिकवण्यात दोष होता," ते म्हणाले. "जरा जास्तच चांगलं शिकवतो मी."

पाचला भंगारवाला आला. आजीने त्याला टेपरेकॉर्डर देऊन वाटेला लावलं.

नात कासव हातात घेऊन विचार करत उभी होती. मीटर नेहमीसारखा आजोबांकडून चालूच राहिला होता. तिने आधी त्याचा खटका बंद केला. मग आजोबांना खाली वाकायला लावलं, कासव त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि त्याचं डोकं तेवढं हलकेच बाहेर काढलं.