वारा दाखवणारी चादर

शंकरप्पाच्या फायद्याचं गणित सोपं होतं. गुरुवारी विमानातून येणाऱ्या साहेबांनी तपासणीच्या कागदावर 'समाधानकारक' एवढा एकच शब्द लिहिला, की अकरा वर्षांचा हंगामी चौकीदार कायम होणार होता. कायम म्हणजे म्हातारपणी पेन्शन. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मेहुणा रुद्रप्पा चारचौघांत "आमचे दाजी हंगामी इमानतळावर असत्यात" म्हणून दात काढायचा, ते बंद. शब्दाच्या आधी एक 'अ' लागला, तर शुक्रवारपासून घरी.

विमानतळ सोलापूरच्या दक्षिणेला, माळावर. लढाईच्या काळात गोऱ्यांनी धावपट्टी केली. लढाई संपली, गोरे गेले, पट्टी राहिली. मग कधी एखादा मंत्री उतरायचा, कधी पिकांवर औषध मारणारं विमान. सोयी म्हणाल तर पत्र्याची एक खोली, वाळूच्या चार लाल बादल्या, पाण्याचा माठ, एक रजिस्टर आणि वारा कुठून वाहतो ते वैमानिकाला वरून दिसावं म्हणून खांबावर टांगलेली कापडी पिशवी. पण या एवढ्याशा संसारावर शंकरप्पाचा असा जीव की पट्टीच्या कडेचे दगड दिवाळीला घराच्या भिंतींआधी चुन्यानं पांढरे व्हायचे.

अडचणी दोनच होत्या. सरकारनं धावपट्टी दिली होती, पण तिच्या कडेचं गवत कापायला माणूस दिला नव्हता. ते काम मायाक्का धनगरणीची एकशेवीस मेंढरं करत. जनावरांना पट्टीवर सक्त मनाई, त्यामुळे शंकरप्पा रजिस्टरात रोज वळणदार अक्षरात लिहायचा, 'धावपट्टीवर जनावरे : निरंक.' दुसरी अडचण म्हणजे वाऱ्याच्या पिशवीच्या चिंध्या झाल्या होत्या. नवीसाठी तीन अर्ज गेले, उत्तर एकाचंही नाही.

"माझं जुनं लुगडं हाय की," बायको गंगम्मा म्हणाली. "शिवून देते."

"लुगडं?" शंकरप्पा कळवळला. "साहेब मुंबईस्नं येनार आनि सोलापुरात लुगडं फडकतंय बघनार? आपल्या गावची अब्रू हाय का न्हाय? तुझ्या माहेरची चादर काढ."

"याक री! तीच कशाला? ती थंडीला लागती."

"आता श्रावण हाय. साहेब गेले की उसवून देतो."

सोलापुरात टिकाऊ म्हणजे चादर, एवढंच शंकरप्पाला ठाऊक. लाल-हिरव्या नक्षीची ती दुहेरी विणीची चादर गंगम्मानं तोंड फुगवून, पण पक्क्या टाक्यांनी शिवली. गुरुवारी सकाळी पिशवी खांबावर चढली. मायाक्काला मेंढरं ओढ्यापलीकडं न्यायला सांगून शंकरप्पा धुतलेला सदरा घालून गंगम्माबरोबर पट्टीच्या कडेला उभा राहिला.

वारा असा सुटला होता की डोक्यावरची टोपी हातानं धरावी लागत होती. पिशवी मात्र जेवून आडव्या झालेल्या पाहुण्यासारखी, हलायला तयार नाही. चादर सोलापूरची, असल्या वाऱ्याला ती काय दाद देते!

विमान आलं. वैमानिकानं लोंबती पिशवी पाहिली आणि वारा नाही असं समजून तो पश्चिमेकडून खाली आला. पाठीमागून पश्चिमेचाच वारा. विमान टेकायचं नाव घेईना. अर्धी पट्टी संपली तसं ते घाबरल्यासारखं पुन्हा वर उठलं.

"अगं बाई, गेलं की!" गंगम्मा ओरडली.

"नोकरी गेली माझी!" म्हणत शंकरप्पानं बांबू घेतला आणि पिशवी खालून उचलून धरायला धावला. तो तिला पूर्वेकडं ढकलायचा, ती त्याच्या डोक्यावर बसायची. वरून वैमानिकाला एवढंच दिसलं, की एक माणूस खांबाशी मारामारी करतोय.

तेवढ्यात मेंढरं आली, मागोमाग मायाक्का. ओढ्याला पाणी चढलं होतं आणि चरायची सवय इथली. पट्टीच्या कडेला येऊन, वारा झोंबायला लागला तशी एकशेवीसच्या एकशेवीस वाऱ्याकडं पाठ करून थांबली.

"मायाक्का, वैर साधलंस गं!" शंकरप्पानं कपाळावर हात मारला.

"मी काय करू? तुजं इमान भितंय, माजी मेंढरं न्हाय भीत."

विमानानं एक घिरटी घातली, या वेळी पूर्वेकडून आलं आणि फुलासारखं टेकलं.

हिंदुराव साहेब उतरले. त्यांनी रजिस्टर पाहिलं, मेंढरं पाहिली, पुन्हा रजिस्टर पाहिलं.

"हे निरंक का?"

शंकरप्पानं रजिस्टर हळूच मिटायला घेतलं. वैमानिकच पुढं आला. "साहेब, या मेंढरांमुळंच उतरलो. मी माणचा, मेंढपाळांच्या मुलखातला. मेंढरू वाऱ्याला पाठ देतं, हे लहानपणापासून बघतोय. ती पिशवी खोटं बोलली, मेंढरं खरं बोलली."

साहेब पट्टीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. पांढरे दगड, घासलेल्या बादल्या, न्हाव्यानं कातरल्यासारखं गवत. "अकरा वर्षं एकटा माणूस सांभाळतोय हे?" ते हळूच म्हणाले. "मोठ्या विमानतळांवर असं गवत नसतं. कोण कापतं?"

"मी," मायाक्का म्हणाली. "एकशेवीस तोंडांनी."

साहेब हसू दाबत टेबलाशी बसले. 'समाधानकारक' लिहिलं, आणि त्याच्या आधी 'अत्यंत' जोडलं. शेरा दिला : विमान यायच्या दिवशी मेंढ्या पट्टीबाहेर, पण दिसतील अशा उभ्या ठेवाव्यात. जाताना चादरीची पिशवी उतरवून घेतली. "पुरावा म्हणून कचेरीत लागेल," म्हणाले, आणि तिची वीण बोटांनी चाचपत विमानात चढले.

दिवाळीनंतर हुकूम आला. सोबत, कायम माणसाला मिळतो म्हणून, खाकी गरम कोट आला. शंकरप्पानं तो अंगात घातला आणि रुद्रप्पाला दाखवायला निघाला. गंगम्मा दारात आडवी उभी.

"माझी चादर?"

"पुरावा झाली की ती."

"मग काढा."

हिशेब असा : साहेबांना चादर, मायाक्काला सरकारी लेखी परवानगीचं कुरण, गंगम्माला पांघरायला लोकरी कोट. आणि माघाच्या थंडीत माळावर पहाटे धावपट्टी झाडणारा कायम चौकीदार, एका सदऱ्यावर, दात वाजवत.