खांद्यावरची बोटं

चूक माझी होती, आणि ती भर चौकात टांगलेली होती.

जठारपेठेत माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. एका होतकरू पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांच्या ओळीत एक तोंड कमी पडत होतं. ओळ बोडकी दिसते म्हणून तो अडून बसला. माझ्या कॉम्प्युटरवर शेजारच्या गुणवंतकाकांचा फोटो उघडा होता. मी त्यातून काकांना खांद्यापर्यंत उचललं आणि ओळीत बसवलं. त्यांना विचारलं नाही.

अख्ख्या अकोल्यात हे करू नये असा एकच माणूस होता, तो नेमका मी निवडला. कारण गुणवंतकाका जाहिराती वाचतात. कापसाच्या जिनिंगमधून रिटायर झाल्यापासून पेपरातल्या बातम्या ते सरळ रद्दीत टाकतात आणि चष्मा पुसून जाहिरातींना बसतात.

"लोकं काय करून राहिले थे बातमीत असते," ते म्हणतात. "त्याइच्यापाशी काय नाई, थे जाहिरातीत असते."

मेसच्या पाटीवर 'घरगुती चव' दिसली की म्हणणार, "पाह्य, या गल्लीत घर सोडून आलेले पोरं राह्यतात." तुपाच्या डब्यावर 'शुद्ध' वाचून दुकानदाराला विचारणार, "काहून लिहा लागलं रे? मायले कोनी 'खरी माय' म्हनते काय?" क्लासच्या बोर्डावर पहिल्या आलेल्यांचे फोटो बघून मोठ्यानं चौकशी करणार, "नापास झाले त्याइचा बोर्ड कुठं हाये?"

अमरावतीला एका लग्नाला आम्ही सोबत गेलो होतो. वरात आली तरी काका मांडवाबाहेर, पेपरातलं स्थळांचं पान घेऊन उभे. "आयक. वधूपिता म्हनते, मुलाले शेती पायजे. अन् मुलगा शेती करनारा नको. वावर पायजे, वावरात जानारा नाई! मंग वावरात कोन जाईन, पेपरवाला?" नवरदेवाचा बाप तिथंच उभा होता. आम्हाला जेवण जरा उशिराच वाढलं गेलं.

आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं : "घरी कोनी इचारत नाई, त्याले चौकात शुभेच्छा लागते."

अशा माणसाचं तोंड मी चौकात लावलं.

चहावाल्यानं पहिल्याच सकाळी विचारलं, "काय काका, पार्टीत घुसले काय?" काका त्याला सोलून काढतील असं वाटलं होतं. ते चहा अर्धा टाकून निघून गेले. मी त्या दिवसापासून मागच्या गल्लीनं घरी जाऊ लागलो.

आणखी एक गोष्ट होती. तो मूळ फोटो काका आणि काकूंचा, जोडीनं काढलेला. काकूंच्या वर्षश्राद्धासाठी मोठा करून दे म्हणून काकांनी दिला होता. मी रोज 'उद्या' म्हणायचो आणि ते रोज विचारायचे. फ्लेक्स लागला आणि त्यांचं विचारणंही थांबलं. मी समजलो, राग.

एका सकाळी ते चौकात, मान वर करून फ्लेक्सखाली उभे दिसले. मला वळायला जागा नव्हती.

"ये," काका म्हणाले. "तुही जाहिरात वाचून राहिलो."

त्यांनी बोट दाखवलं. घाईत माझं कापणं नीट झालं नव्हतं. काकांच्या खांद्यावर काकूंची बोटं तशीच राहिली होती.

"मोझरीले गेलो होतो, तवाचा फोटो. फोटोवाला म्हने, हात ठेवा. तुही काकू लई लाजली. चारचौघात तेवढी एकच खेप ठेवला तिनं हात."

"काका, तुमी फोटो काहून मांगला नाई मंग?"

ते वरच बघत राहिले. "मले वाटलं, फोटोच कापला तू. इचारलं अन् हो म्हनला असता तं? तिचा तेवढाच हाये माह्यापाशी."

मी दुकानाकडे धावलो. फोटो टेबलाच्या खणात होता, अख्खा. कापाकापी सगळी कॉम्प्युटरवरच झाली होती, हे त्यांना सांगायचं मला सुचलंच नव्हतं.

मी तो घेऊन चौकात परत आलो. काकांनी फोटो चष्म्याजवळ धरला. स्वतःकडे बघितलंच नाही, आधी काकूंची बाजू बघितली.

"हाये," ते म्हणाले.

चहावाला बघत होता, दोन गिऱ्हाइकं बघत होती. फ्लेक्स जिथं लावला, तिथंच हे बोलायला हवं होतं.

"काका, माह्यं चुकलं," मी मोठ्यानं म्हणालो. "तुमाले न इचारता चौकात लावलं, अन् काकूले कापलं. मले माफ करा."