एकच तर आहे!

एका जंगलात, म्हणजे पार्किंगची मस्त सोय असलेल्या जंगलात, एक तळं होतं. तळ्याच्या मधोमध एक दगड. त्या दगडावर धोंडूतात्या कासव रोज ऊन खात बसायचे.

बाळांनो, हसू नका! ऊन खाणं म्हणजे टाइमपास नाही. कासवाला ऊन मिळालं नाही ना, की अंगावर बुरशी धरते, भूक मरते, आणि मग कासवही. म्हणजे दगड गेला की तात्या गेले. कळलं?

तर एक दिवस एक गाडी आली. एक काकू आणि काका उतरले. काकूंच्या हातात काचेचं भांडं, भांड्यात परदेशी कासव, डोळ्यामागे लाल पट्टा. घरात उत्तरेला ठेवलं की भरभराट होते म्हणून आणलेलं. आणलं तेव्हा बिस्किटाएवढं होतं. आता ताटलीएवढं झालं, वर वास मारायला लागलं.

"जा राजा, तू मुक्त!" काकू रडल्या.

काकांनी व्हिडिओ काढला. म्हणाले, "एकच तर सोडतोय. कुणाला काय त्रास!"

तात्यांनी विचारलं, "नाव काय रे तुझं?"

"लकी."

तात्यांना टेन्शन आलं. त्यांनी रंगराव बेडकाला बोलावलं. रंगराव तळ्यातले तज्ज्ञ, म्हणजे सगळ्यात मोठ्यांदा ओरडायचे.

"तात्या, चिल!" रंगराव म्हणाले. "डब्यातल्या गोळ्यांवर वाढलेलं कार्टं ते. एकच तर आहे. टिकतंय कसलं!"

आणि खरंच! लकी काठावर गोळ्यांची वाट बघत बसला आणि मुंगसाने त्याला उचललं. भरभराट मुंगसाची झाली.

मग दुसरी गाडी आली.

"तुझं नाव काय?"

"लकी."

"परत लकी?"

"आम्ही सगळे लकीच असतो, तात्या. काय मस्त ऊबदार पाणी आहे हो तुमचं! अगदी आमच्या गावासारखं."

तात्या रंगरावांकडे पळाले. म्हणजे, कासवाच्या मानाने पळाले. "अहो, हे येतच राहिले तर?"

"मागचा टिकला का? नाही ना? मग! हाही एकच तर आहे."

तात्यांनाही दया आली. त्यांनी सरकून त्याला दगडावर जागा दिली.

पुढे काय झालं माहितीये? काही लकी आजारी पडले, काही मुंगसाने नेले. पण गाड्या थांबेचनात! प्रत्येक गाडीतून फक्त एकच लकी. मग एका लकीला एक लकीताई भेटली. वाळूत अंडी, अंड्यांतून पिल्लं. पिल्लांना गोळ्या ठाऊकच नव्हत्या. ती शेवाळ खायची, गोगलगायी खायची, रंगरावांची पोरंही खायची.

"रंगराव, आता तरी बोला!" तात्या ओरडले.

रंगराव जरा घसा साफ करून म्हणाले, "एका वेळी एकच तर खातात."

एका सकाळी तात्या दगडापाशी आले, तर दगड दिसेचना. लकीवर लकी, त्यावर लकी. सगळ्यात वर एक पिल्लू.

"जरा सरका रे पोरांनो. अंगाला बुरशी धरायला लागलीये माझ्या."

पिल्लाने खाली वाकून बघितलं. "काका, तुम्ही कुठले?"

"इथलाच की!"

"तुमच्यासारखे अजून आहेत का इथे?"

तात्यांनी तळ्यावर नजर फिरवली. "नाही रे. मी एकटाच."

"अरेरे!" पिल्लू कळवळलं. "तुम्हाला कोण सोडून गेलं हो इथे?"

तात्यांनी मान कवचात ओढून घेतली.

"घाबरू नका. होईल सवय," पिल्लू प्रेमाने म्हणालं. "असं करा, ढगाळ वातावरण असेल ना, त्या दिवशी या. तेव्हा दगड रिकामा असतो."

तात्पर्य: नव्या गावात पाय रोवायचेत? मेहनत, हुशारी, गोड स्वभाव, सगळं विसरा. आधी कुणीतरी तुम्हाला जीव लावला पाहिजे आणि तुम्ही वास मारायला लागलात की रडत रडत सोडून दिलं पाहिजे. फक्त हे घरोघरी घडलं पाहिजे. आणि तिथला जो जुना रहिवासी असेल, तो तात्यांसारखा सरकून जागा देणारा बघा.